रस्सा उकळतो, कांदा उकळत नाही

कोंबडीतल्या अँटिबायोटिकची बातमी आली की दोन-चार दिवस घरोघरी एकच प्रश्न फिरतो: रविवारी चिकन आणायचं की नाही? मग कुणीतरी म्हणतं, अरे, आपण कुकरला चार शिट्ट्या काढतो, आपल्याला काय होतंय! हे निम्मं खरं आहे. साल्मोनेला, ई. कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जिवाणू, यांतला कुणीही चार शिट्ट्यांत वाचत नाही. औषधाला निर्ढावलेला जिवाणूही साध्या जिवाणूइतक्याच उष्णतेने मरतो, त्याची कातडी काही जाड झालेली नसते. पण चिकन कुकरमध्ये जाईपर्यंत ज्या ज्या वस्तूंना लागलं, त्यातली एकही वस्तू कुकरमध्ये जात नाही. पिशवी, नळाची तोटी, सुरी, ओटा पुसायचं फडकं, आणि ताटात रश्श्याशेजारी येऊन बसणारा कच्चा कांदा.

बातम्यांमध्ये दोन गोष्टींची कायम सरमिसळ होते. मांसात औषधाचा अंश राहणं ही एक गोष्ट, आणि मांसावर औषधाला दाद न देणारे जिवाणू असणं ही दुसरी. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने सहा अँटिबायोटिकसाठी तपासले, त्यातल्या ४० टक्क्यांमध्ये अंश सापडला. ही तपासणी औषधाची होती, जिवाणूंची नाही. औषध कोंबडीच्या अंगातून काही दिवसांत उतरतं. त्या औषधातून तगून राहिलेले जिवाणू मात्र तिच्या आतड्यात तसेच राहतात. म्हणजे प्रयोगशाळेत ‘अंश शून्य’ आलेल्या कोंबडीवरही निर्ढावलेले जिवाणू असू शकतात. उलट बाजूने, रस्सा कितीही उकळला तरी कोंबड्यांना देतात त्या एन्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधाचा अंश फारसा मोडत नाही, कारण त्या कुळातली औषधं उष्णता सोसतात.

कायद्यातला एक आकडा इथे बघण्यासारखा आहे. २०१२ पासून नियम असा, की जनावराच्या औषधाच्या वेष्टनावर शेवटच्या डोसनंतर कापेपर्यंत किती दिवस थांबायचं ते तपासून लिहिलेलं नसेल, तर मांसासाठी किमान २८ दिवस थांबायचं. आता बॉयलर कोंबडीचं आयुष्यच मुळी ३५ ते ४२ दिवसांचं. (ब्रॉयलर हे बरोबर नाव, पण आपल्याकडे ती बॉयलरच.) ४० व्या दिवशी गाडी भरायची असेल तर अशा औषधाचा शेवटचा डोस १२ व्या दिवशी संपायला हवा. आणि शेडमध्ये श्वासाचा आजार, ज्याला सगळे सीआरडी म्हणतात, आणि त्याच्यावर स्वार होऊन येणारा ई. कोलाय, हे बहुतेक वेळा तिसऱ्या आठवड्यानंतरच डोकं वर काढतात. त्या वेळी पाच हजार पक्ष्यांपैकी रोज पन्नास मरायला लागले की शेतकरी कॅलेंडर बघत बसत नाही.

औषध देण्याची पद्धतही जिवाणूंच्याच पथ्यावर पडणारी. एकेका पक्ष्याला धरून गोळी देणं शक्य नाही, म्हणून औषध पाण्याच्या टाकीत मिसळून निपलच्या, म्हणजे चोच लावून पाणी प्यायच्या तोट्यांच्या, लाईनमधून सगळ्यांना दिलं जातं. आजारी पक्षी पाणी कमी पितो, त्यामुळे ज्याला गरज त्याला औषध कमी मिळतं. धडधाकट पक्षी भरपूर पितो, त्याच्या आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंना विनाकारण मार बसतो आणि त्यातले चिवट तेवढे उरतात. शेडमध्ये एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा. खाली भाताच्या तुसाचं अंथरूण, ज्याला लिटर म्हणतात, त्यावर सगळ्यांची विष्ठा, आणि त्यातच चोची मारणं. एका आतड्यात जे टिकलं ते आठवडाभरात सगळ्या शेडचं होतं.

हे झालं आजारावरचं औषध. वाढीसाठी खाद्यात मिसळायचं औषध हा वेगळाच प्रकार. १९५० च्या आसपास अमेरिकेत लक्षात आलं, की खाद्यात चिमूटभर टेट्रासायक्लिन गेलं तर पिल्लं भराभर वाढतात. तेव्हापासून टनामागे काही ग्रॅम अँटिबायोटिक खाद्यात घालायची रीत जगभर पडली. मारण्याइतकी मात्रा नाही, सरावापुरती आहे. जिवाणूंना शिकवणी लावायची असेल तर याहून सोयीची फी नाही. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीचा असा वापर पूर्ण बंद केला. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने कोंबडी-खाद्याच्या मानकात मनाई लिहून ठेवली होती, पण ते मानक पाळणं ऐच्छिक होतं.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकची गोष्ट तर डोळे उघडणारी. मूत्रपिंडांना त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी हे औषध कित्येक वर्षं बाजूला ठेवलं होतं. पुढे अतिदक्षता विभागात क्लेब्सिएला आणि असिनेटोबॅक्टर हे जिवाणू बाकी कशालाच ऐकेनासे झाले, तेव्हा ते पुन्हा बाहेर काढावं लागलं, शेवटचा उपाय म्हणून. त्याच काळात कोंबड्यांच्या खाद्यात ते स्वस्तातलं टॉनिक म्हणून जात होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक जाहीर केलं. कोलिस्टिनला न जुमानण्याची ही विद्या प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूंमध्ये हातोहात फिरणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर बसलेली होती. एका जातीचा जिवाणू ती दुसऱ्या जातीला देऊ शकतो. कोंबडीच्या आतड्यातला बिनधोक ई. कोलाय आपल्या आतड्यातल्या क्लेब्सिएलाला ती देऊन निघून जाऊ शकतो. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यजनावरांसाठी कोलिस्टिनची निर्मिती, विक्री आणि वाटप बंद केलं. बंदी योग्यच, फक्त एकदा पसरलेलं जनुक राजपत्र वाचत नाही.

आता दुकान. आपल्याकडे बरेच लोक ‘समोर कापून घेतलं’ याला शुद्धतेचा दाखला समजतात. ताजेपणापुरतं ते ठीक आहे: कापल्यापासून दोन तासांत शिजत असेल तर जिवाणूंना वाढायला वेळ मिळत नाही, आणि ही समोर कापून देणाऱ्या बाजाराची खरी जमेची बाजू आहे. पण मांसावर ते येतात कुठून, ते बघा. गाडीत क्रेटवर क्रेट, वरच्याची घाण खालच्याच्या पिसांवर. प्रवासाच्या ताणाने पक्षी जिवाणू जास्त टाकतो. कत्तलखान्यात पाठवण्याआधी ८ ते १२ तास खाद्य बंद ठेवतात ते आतडं रिकामं असावं म्हणून. दुकानातल्या जाळीत पक्षी खातपीत असतो, त्यामुळे कापताना गळ्याची थैली किंवा आतडं भरलेलं असतं आणि घाईत सुरा लागला की फुटतं. त्याच हाताने पुढचा पक्षी, त्याच हाताने पैसे.

सगळ्यांत वाईट म्हणजे कापलेली कोंबडी धुवायची ती बादली. सकाळी भरलेल्या पाण्यात दहावी कोंबडी बुचकळली, तेव्हा आधीच्या नवांचं जे होतं ते तिला मिळालं. कातडीसकट घेताना गरम पाण्यात बुडवून पिसं काढायच्या मशीनमध्ये टाकतात, ते पाणी साधारण ५५ ते ६० अंशांचं असतं. पिसं सैल व्हायला पुरे, पण दिवसभराची विष्ठा मिसळलेल्या पाण्यातले जिवाणू खात्रीने मारायला अपुरं. त्यात मशीनची रबरी बोटं प्रत्येक पक्ष्याला तीच. म्हणून घरासाठी कातडी काढलेलं घेणं थोडं बरं. मग लाकडी ओंडका. सत्तुराच्या घावांनी त्याला भेगा पडतात, भेगांत रक्त आणि चरबी बसते, आणि ती फडक्याने पुसून निघत नाही.

दुकानदाराला प्रवचन देऊन काही होत नाही, पण तीन गोष्टी बिनबोभाट करता येतात. सकाळी लवकर जा, ओंडका आणि बादली त्या वेळी त्यातल्या त्यात स्वच्छ असतात. ‘बादलीत नको, तसंच द्या’ असं सांगा. बहुतेक जण कुरकुर न करता देतात, त्यांचंही काम वाचतं. आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्या. पातळ पिशवीतून लाल पाणी गळतं आणि ते स्कूटरच्या हुकाला त्याच पिशवीशेजारी लटकलेल्या कोथिंबिरीवर जातं. चिकन बाजारातली शेवटची खरेदी ठेवा. घरी येऊन फ्रिजमध्ये जाईपर्यंत दोन तासांच्या वर वेळ नको, आणि मे महिन्यात नागपूर-जळगावकडे तर एक तासही पुष्कळ झाला. ३५-३७ अंशांना ई. कोलाय वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतो. तीन तासांत एकाचे शेकडो.

घरी आल्यावर पहिलं काम आपण करतो ते धुण्याचं. हळद लावून, तीन पाण्याने, नळाखाली धो धो. यावर अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली होती. चिकन धुणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांच्या सिंकमध्ये नंतर चिकनवरचे जिवाणू सापडले, आणि सिंक साफ केल्यावरही १४ टक्क्यांच्या सिंकमध्ये ते होतेच. धुणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांच्या सॅलडच्या पानांवर ते पोचले. पण या पाहणीतला मला जास्त मोलाचा वाटणारा आकडा सहसा कुणी सांगत नाही: चिकन न धुणाऱ्यांपैकीही ३१ टक्क्यांच्या सॅलडवर जिवाणू गेले. म्हणजे नुसतं ‘धुऊ नका’ सांगून भागत नाही. दोष हातांचा आणि कामाच्या क्रमाचा आहे.

शिवाय आपल्या बाजारातल्या चिकनला पिसांचे तुकडे, हाडांचा चुरा, रक्ताच्या गुठळ्या असतात. परदेशी पॅकबंद चिकनसाठीचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. धुवायचंच असेल तर नळाखाली धरू नका. खोल पातेल्यात आधी पाणी घ्या, तुकडे त्यात हळूच सोडा, हाताने फिरवा, पाणी सिंकच्या भोकाजवळ सावकाश ओता. शिंतोडा उडत नाही हे महत्त्वाचं. सिंकमध्ये त्या वेळी कपबश्या आणि बाजूच्या जाळीत वाळत घातलेली ताटं नसावीत. हळद-मीठ चोळल्याने वास जातो, जिवाणू जात नाहीत. लिंबू आणि दह्याने त्यांची संख्या थोडी घटते, एवढंच. म्हणून मुरवत ठेवलेलं चिकन रात्रभर ओट्यावर नको, फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, झाकून.

क्रम असा लावा: कांदा, लिंबू, काकडी, कोथिंबीर, सोलकढीचं नारळ-लसूण, म्हणजे जे जे कच्चं पोटात जाणार ते आधी चिरून-वाटून झाकून ठेवायचं. वाटण भाजून, वाटून तयार. मिठाची आणि मसाल्याची मात्रा आधीच वाटीत काढलेली, कारण चिकनच्या हाताने मिसळणाचा डबा उघडला की तो डबा पुढचे आठ दिवस तोच प्रसाद वाटतो. मग चिकनची पिशवी उघडायची. चिकन पातेल्यात गेलं की पिशवी थेट कचऱ्यात, हात साबणाने वीस सेकंद, आणि तोटी हाताच्या कोपराने उघडली नसेल तर तोटीही. एवढा क्रम पाळला तर वेगळी सुरी-वेगळा पाट नसलेल्या स्वयंपाकघरातही धोका कितीतरी उतरतो. कोकणात मासे आणि चिकन विळीवर करणाऱ्यांनी खोबरं त्याआधी खवून घ्यावं, खवणीचे दाते घासणीने पुरते निघत नाहीत.

सफाईत लोक एक चूक हमखास करतात: चरबटलेल्या पाटावर थेट ब्लीच ओततात. रक्त-चरबी क्लोरीन खाऊन टाकते आणि जिवाणूंच्या वाट्याला काही उरत नाही. आधी साबण आणि गरम पाण्याने घासायचं, खळबळायचं, मग ब्लीच. चार-पाच टक्क्यांचं साधं ब्लीच, सुगंधी नाही, एक लिटर पाण्यात ५ मिली, म्हणजे एक छोटा चमचा. त्याने साधारण २०० पीपीएमचं, म्हणजे दहा लाख भागांत २०० भाग क्लोरीनचं, पाणी होतं. पाटावर, सिंकमध्ये, ओट्यावर पाच-दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने धुऊन वाळवा. हे पाणी त्या दिवशीच संपवा, दुसऱ्या दिवशी त्याचा जोर गेलेला असतो. टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. ओट्याचं फडकं मात्र ब्लीचपेक्षा उकळत्या पाण्यात पाच मिनिटं घालून उन्हात वाळवलेलं बरं. खरं तर चिकनचा ओटा जुन्या वर्तमानपत्राने पुसून तो कागद टाकून द्यावा. रद्दीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

शिजवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, मालवणी, सावजी, काहीही असो, खळखळून उकळलेल्या रश्श्यातल्या चिकनला घाबरायचं कारण नाही. काळजी कोरड्या प्रकारांची: तंदूर, लॉलीपॉप, बार्बेक्यू, फ्रिजमधून थेट तव्यावर गेलेला जाड लेग पीस. बाहेरून काळपट, आत हाडाजवळ कच्चा. मांसाचा रंग इथे फसवतो. कोवळ्या बॉयलरच्या हाडातला लाल रंग शिजल्यावरही बाहेर झिरपतो, आणि पांढरं दिसलं म्हणजे शिजलंच असंही नाही. काहीशे रुपयांत सुईचा थर्मामीटर मिळतो, तो सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. ७४ अंश दिसले की झालं. गोठवलेलं चिकन आदल्या रात्री फ्रिजमध्येच सुटू द्या. फ्रीझर जिवाणूंना झोपवतो, मारत नाही. कॅम्पिलोबॅक्टर थोडा घटतो, साल्मोनेला आरामात टिकतो.

मग ‘अँटिबायोटिक-फ्री’ लिहिलेलं पाकीट घ्यावं का? शब्द नीट वाचा. ‘रेसिड्यू-फ्री’ म्हणजे मांसात औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे. औषध दिलंच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. ‘अँटिबायोटिक न देता वाढवलेलं’ हा दावा मोठा आहे, आणि त्यामागे कुणा त्रयस्थाची तपासणी असेल तरच त्याला जादा पैसे द्यावेत. दोन्हींपैकी कुठलंही पाकीट ‘जिवाणू नाहीत’ असं सांगत नाही. गावठीचंही तेच. बाजारात गावठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक कोंबड्या गिरिराज, वनराज किंवा त्यांच्या संकरातल्या असतात, शेडमध्ये वाढलेल्या. खरी परसातली कोंबडी औषध कमी बघते हे मान्य, पण ती गटारकडेलाही चरते, आणि आपल्या गटारात माणसांनी खाल्लेली सगळी औषधं आणि ती पचवलेले जिवाणू वाहत असतात. सगळं खापर कोंबडीवर फोडणं बरोबर नाही. नेदरलँड्समध्ये हिशेब मांडला तेव्हा या निर्ढावलेल्या जिवाणूंचा मोठा वाटा माणसाकडूनच माणसाकडे जाताना दिसला, अन्नाचा वाटा त्याहून बराच लहान निघाला.

शेतीत हेच वर्तुळ पुरं होतं. बॅच गेल्यावर शेडमधलं लिटर कोंबडखत म्हणून ऊस, द्राक्षं आणि भाजीपाल्याला जातं. कच्चं खत मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकणं म्हणजे शेडचं आतडं थेट भाजीवर पसरणं. ढीग लावून, ओलावा राखून, आतलं तापमान ५५ अंशांच्या वर निदान तीन दिवस जाईल असं बघून, पलटी मारून, दोन-तीन महिने कुजवलेलं खत वेगळं. पलटी का, तर ढिगाची बाहेरची बाजू तापत नाही, ती आत जायला हवी.

आणि इतकं करूनही पोट बिघडलंच तर? २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. संशयाची सुई मुख्यतः पाण्याकडे होती, पण चिकनची दुकानं ओस पडली. आजारी पडायला या जिवाणूचे काहीशे पोटात गेले तरी पुरतात. एखाद्याच्या शरीरात त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात, त्यातून पायांपासून वर चढणारा अशक्तपणा येतो. असं क्वचितच होतं. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी पायांत मुंग्या किंवा जिना चढताना अशक्तपणा जाणवला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

याच जिवाणूत औषधाचा धागा सरळ दिसतो. कोंबडीला दिलेलं एन्रोफ्लॉक्सासिन तिच्या अंगात काही प्रमाणात सिप्रोफ्लॉक्सासिन होतं. म्हणजे आपलंच औषध. कॅम्पिलोबॅक्टर त्याला निर्ढावतो म्हणून अमेरिकेने सप्टेंबर २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन बंद केलं. दक्षिण आशियात आज या जिवाणूवर सिप्रो-ऑफ्लॉक्सासिनचा भरवसा धरता येत नाही, गरज पडलीच तर डॉक्टर अझिथ्रोमायसिनकडे वळतात. आणि आपण जुलाब लागले की करतो काय? मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी. ज्याला मारायचं त्याला ती बहुधा लागत नाही, पण आतड्यातल्या साध्या जिवाणूंना झोडपून निर्ढावलेल्यांसाठी जागा मोकळी करते. ते महिनोन्‌महिने गुपचूप राहतात आणि पुढे मूत्रमार्गात शिरले की साध्या गोळ्या चालत नाहीत, सलाइनमधून औषध घ्यावं लागतं.

बहुतेक जुलाब ओआरएसने आणि दोन-तीन दिवसांनी थांबतात, मुलांना झिंकही द्यायचं. शौचात रक्त, ३८.५ च्या वर ताप, लघवी कमी होणं, तान्हं मूल, गरोदर बाई, सत्तरीच्या पुढचं माणूस, यांत थांबू नये. अँटिबायोटिक द्यायचं ठरलं तर पहिली गोळी घेण्याआधी शौचाचा कल्चरचा, म्हणजे जिवाणू वाढवून तपासायचा, नमुना द्या. गोळीनंतर दिलेल्या नमुन्यात जिवाणू बरेचदा उगवतच नाही, आणि रिपोर्ट ‘काही सापडलं नाही’ असा येतो. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा, नाहीतर कॅम्पिलोबॅक्टरसारखा नाजूक जिवाणू वाटेतच मरतो. तो मुद्दाम वेगळ्या माध्यमात, कमी ऑक्सिजनमध्ये, ४२ अंशांना वाढवावा लागतो, म्हणून चिठ्ठीवर ‘कॅम्पिलोबॅक्टरसाठीही’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. लिहिलं नाही तर बहुतेक ठिकाणी तो शोधतच नाहीत.